सराट्याचा काढा आणि लघवीचा त्रास

सरकी घाणीत पिळली तरी ढेपेत थोडं तेल राहतंच. तीच ढेप सॉल्व्हंटच्या कारखान्यात गेली की उरलंसुरलंही निघतं. माल एकच, रीत वेगळी. झाडपाल्याच्या औषधाचं असंच आहे.

धुऱ्यावरचा सराटा घ्या. पायात रुतला की आपण शिव्या घालतो. वैद्य मात्र त्यालाच गोखरू म्हणून लघवी अडणे, थेंब थेंब होणे, उन्हाळी लागणे यांवर देत आले. 13व्या-14व्या शतकाच्या सुमारास रचलेल्या शार्ङ्गधरसंहितेत काढ्याचं माप पक्कं आहे: भरड कुटलेलं औषध 1 पल, म्हणजे 4 तोळे, पाणी 16 पट, भांडं मातीचं, आणि आठवा हिस्सा उरला की उतरवायचं. थंड पाण्यात रात्रभर भिजवलं तर तो हिम, गरम पाण्यात टाकून गाळलं तर फांट. सराट्यातले क्षार आणि रिठ्यासारखा फेस आणणारे पदार्थ पाण्यात उतरतात. राळ तशी उतरत नाही. त्याच ग्रंथातल्या गोक्षुरादी गुग्गुळात सराट्याचा काढा गाळून घेतात, गुग्गुळ मात्र त्यात शिजवून सगळाच गोळीत जातो. मला यात मोठी हुशारी दिसते.

अमेरिकेत सॉ पाल्मेटो नावाचा ठेंगणा ताड आहे. त्याच्या फळाचा तेलकट अर्क प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषांना देतात. हा अर्क कुणी हेक्झेनने काढतात (सोयाबीनचं तेल काढणारं द्रावण तेच), कुणी अल्कोहोलने. युरोपच्या औषध संस्थेने 2015 साली हेक्झेनचा अर्क पुराव्यावर मानला, अल्कोहोलचा नुसत्या परंपरेवर. अल्कोहोलच्या अर्काची अमेरिकेत चाचणी झाली. 2011 साली निकाल आला, तिप्पट मात्रेनेही फरक नाही! पुढे 2023 साली अनेक चाचण्या एकत्र ताडणाऱ्या कॉक्रेन अहवालातही या फळाचा फारसा गुण दिसला नाही.

तेव्हा पन्नाशीनंतर धार बारीक झाली, रात्री चारदा उठावं लागलं, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. लघवी पार अडली तर काढा ठेवत बसू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा.

आणखी एक. 2017 साली फवारणीच्या विषबाधेने आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात माणसं दगावली. फवारलेल्या कपाशीच्या धुऱ्यावरचा सराटा औषधाला तोडू नका. पाणी आटून आठवा हिस्सा उरतो, तेव्हा त्यात उतरलेलं आणि वाफेबरोबर न गेलेलं विषही आठपट दाट होतं.