प्लेगची लस, मदनपुरा आणि खोजा जमात

कोरोनाच्या काळात लसीकरणाचे आकडे यायला लागले, तसे मालेगावचे नाव पुन्हा पुन्हा वाचायला मिळाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की मुस्लिमबहुल भागांत लशीविषयी संकोच आहे आणि तो घालवण्यासाठी सलमान खानची मदत घेऊ. यावरून अनेकांनी सोपा निष्कर्ष काढला : मुसलमान लस घेत नाहीत, कारण तो त्यांच्या धर्माचा प्रश्न आहे. मला हा निष्कर्ष मान्य नाही. त्यासाठी सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत जावे लागेल.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला. हाच प्लेग. ऑक्टोबरमध्ये वाल्देमार हाफकिन हे रशियात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्याशा जागेत त्यांनी मेलेल्या प्लेगजंतूंपासून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात निम्म्याच्या आसपास कैद्यांना दिली. लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले, ६ दगावले. घेतलेल्यांपैकी दोघेच आजारी पडले आणि दोघेही वाचले. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, एक-दोन दिवस ताप आणत होती, पण जीव वाचवत होती.

तरी लोक घाबरलेच. त्यांना सरकारचा अनुभव होता. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना घरात घुसण्याची, माणसाला उचलून नेण्याची, सामान जाळण्याची मुभा मिळाली होती. त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. इस्पितळात नेलेल्या माणसाला मारून त्याची मोमियाई काढतात, अशी अफवा होती. पुण्यात जून १८९७ मध्ये रँडचा खून झाला. या संतापाला एकच धर्म नव्हता.

९ मार्च १८९८ रोजी हा संताप मदनपुऱ्यात उफाळला. तिथे उत्तरेतून आलेले मोमीन, म्हणजे जुलाहा, विणकर राहत. प्लेगच्या तपासणी पथकाला एका आजारी मुलीला पाहायचे होते. परक्या पुरुषाने तपासायला घरच्यांनी नकार दिला. गर्दी जमली, पोलीस आले, गोळीबार झाला, माणसे मेली आणि दंगल शहरभर पसरली. लक्षात घ्या, हा वाद लशीवरून नव्हताच. घराच्या उंबरठ्यावरून होता.

आता त्याच शहरातली, त्याच काळातली दुसरी बाजू पाहा. खोजा इस्माईली जमातीचे इमाम आगाखान तिसरे तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनी हाफकिनना प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला आणि चारचौघांत स्वतःला लस टोचून घेतली. त्यानंतर हजारो खोजा पुढे आले. आपल्या लोकांमधले मृत्यू त्यामुळे कमी झाले, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे.

विणकरही मुसलमान, खोजाही मुसलमान. एकाच्या दारात पथक आले ते पोलिसांसह. दुसऱ्यासमोर त्याचा आपला माणूस बाही वर करून उभा राहिला. शिवाय खोजा व्यापारी दोन दिवस तापात पडला तरी चूल पेटत होती. मागावर बसणाऱ्याचे हातावर पोट होते. फरक धर्मात शोधायचा की इथे?

विश्वास किती नाजूक असतो, तेही याच लशीने दाखवले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातली एक बाटली दूषित होती. तिच्यातून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. बाकी बाटल्यांच्या लशीने कुणालाही अपाय झाला नाही. पण पंजाबातली मोहीम कोसळली. हाफकिनवर ठपका आला. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. परळची प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

आता २०२१ कडे येऊ. त्याच्या एक वर्ष आधी तबलिगींच्या निमित्ताने साऱ्या समाजावर साथ पसरवल्याचा शिक्का मारला गेला होता. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचे म्हटले. पण तोवर वस्त्यांमध्ये जे पेरायचे ते पेरले गेले होते. ज्या व्यवस्थेने काल संशयित ठरवले, तिच्याच हातची सुई आज निमूटपणे घ्यायची, हे सोपे नव्हते.

म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. लशीत डुकराची चरबी आहे, लशीने मूल होत नाही, असले निरोप आपल्याच मोबाईलवरून फिरले. पंजाबातही लशीने पुरुषत्व जाते, अशी अफवा होतीच. अशा वेळी गप्प बसलेल्या शिकलेल्या माणसाला सरकारकडे बोट दाखवून सुटता येत नाही. अनेक मौलवींनी आणि वस्तीतल्या डॉक्टरांनी मशिदीत, मदरशात शिबिरे भरवली, स्वतः आधी टोचून घेतले. त्यासाठी सिनेमातला नट लागला नाही.

साथी पुन्हा येतील. त्या वेळी वस्तीत आधी कोण पोहोचते, पोलीस की ओळखीचा डॉक्टर, यावर बरेच जीव अवलंबून असतील. ओळखीच्या डॉक्टरची सोय साथ येण्याआधीच करावी लागते. ती सरकारनेही करायची आहे आणि आपणही.