मुंबईच्या धक्क्यावरील प्रवासी जहाजे : सेवा व संचालनातील परिवर्तनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

वऱ्हाड प्रांताला समुद्रकिनारा नाही. परंतु वऱ्हाडच्या आधुनिक इतिहासातून समुद्र वगळता येत नाही. येथील कापूस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने मुंबई बंदरात आणि तेथून युरोपात गेला. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये झालेल्या शिक्षेविरुद्ध विलायतेत दाद मागण्यासाठी अमरावतीचे दादासाहेब खापर्डे त्याच वर्षी जलमार्गाने इंग्लंडला गेले. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील पापळ या गावी जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख १९२० मध्ये उच्च शिक्षणासाठी आगबोटीनेच विलायतेस रवाना झाले. त्या काळी बोटीवर चढणे म्हणजे कोठेतरी पोहोचण्यासाठी निघणे होते. आज अमरावतीचे एखादे कुटुंब रात्रीच्या गाडीने मुंबईस येऊन बॅलार्ड पिअरवरून दोन-तीन रात्रींच्या क्रूझसाठी जहाजावर चढते, तेव्हा त्याला बहुधा कोठेही पोहोचावयाचे नसते; ते ज्या धक्क्यावरून निघते त्याच धक्क्यावर परत उतरते.

हा बदल केवळ चैनीच्या वस्तूंत भर पडल्याने झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जलतरण तलाव, रंगमंच, मुलांसाठी स्वतंत्र कक्ष यांच्या वर्णनात तत्संबंधीचे लेखन अडकून पडते. वस्तुतः बदल अधिक खोलवरचा आहे. पूर्वी जहाज बंदरांची सेवा करीत होते. आता बंदर जहाजाची सेवा करते. जहाजावरील भोजन, निवास, कर्मचाऱ्यांचे काम आणि प्रवाशाचा दर्जा यांतील फेरफार या एका उलथापालथीच्या अनुषंगाने पाहिल्यास त्यांचा अर्थ नीट लागतो.

कोकणची आगबोट

मुंबई आणि गोवा यांच्या दरम्यानची किनारी प्रवासी वाहतूक एकोणिसाव्या शतकापासून बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या हाती प्रामुख्याने राहिली. किलिक निक्सन या इंग्रज पेढीकडे तिची व्यवस्था होती. स्वदेशी भावनेतून उभी राहिलेली इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन कंपनी तिच्याशी स्पर्धा करीत असे. या कंपनीला लोकांनी ‘माझी आगबोट कंपनी’ असे नाव दिले, यातच त्या सेवेविषयीची आपुलकी दिसून येते. पुढे बॉम्बे स्टीमची सूत्रे सिंदिया कंपनीकडे आली. स्वातंत्र्योत्तर काळात चौगुले समूहाने आणि त्यानंतर मोगल लाइनने ही सेवा चालविली. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही मोगल लाइनच्या काळातील जहाजांची नावे जुन्या पिढीच्या स्मरणात आहेत.

या बोटींचे संचालन पूर्णतः बंदरांच्या गरजेवर बेतलेले होते. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी थांबत थांबत बोट पणजीस पोहोचे. अनेक ठिकाणी धक्क्यालगत पुरेसे खोल पाणी नसल्याने ती समुद्रातच नांगर टाकी आणि किनाऱ्यावरून पडाव प्रवासी घेऊन येत. हलत्या पडावातून बोटीच्या शिडीवर चढताना वृद्ध, लेकुरवाळ्या स्त्रिया आणि सामान यांची होणारी तारांबळ हा या सेवेचा नित्याचा भाग होता. केबिनचे तिकीट थोड्यांना परवडे. बहुसंख्य प्रवासी डेकवर सतरंजी पसरून जागा धरीत. शिदोरी घरून बांधून आणलेली असे. कंपनी जागा देत होती, पाहुणचार नव्हे. आणि प्रवाशाचीही तशी अपेक्षा नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारा कोकणी माणूस शिमग्याला गावी जाई तो याच डेकवरून. एका अर्थाने ही ‘कुटुंबाची बोट’च होती, फक्त कुटुंबाची सोय कुटुंबाने स्वतःच करावयाची होती.

सुरक्षेची स्थिती मात्र चिंताजनक होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. तो दिवस आषाढ अमावास्येचा होता, सणासाठी गावी निघालेल्यांची गर्दी होती. दुर्घटनेची वार्ता मुंबईत कित्येक तासांनी पोहोचली. याच कंपनीच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी त्यापूर्वी १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये वादळात नष्ट झाल्या होत्या. ज्या बोटीला लोक ‘माझी’ म्हणत, तिच्यावरील जीवितरक्षणाची साधने त्या आपुलकीला साजेशी नव्हती, हे कटू असले तरी नोंदविले पाहिजे.

मुंबई-गोवा महामार्गावरील खाड्यांवर पूल झाले, एस.टी. गावोगावी पोहोचली आणि बोटीची उपयुक्तता ओसरली. १९८६ मध्ये मोगल लाइनचे शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीनीकरण झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस ही नियमित सेवा संपुष्टात आली. १९९४ मध्ये दमानिया समूहाने मुंबई-गोवा वेगवान कॅटमरान सुरू केली. वातानुकूलित दालनातील आसनांच्या रांगा पाहता ती पाण्यावरून जाणारे विमानच होती. कोकणातील बंदरे तिच्या मार्गातून गळून गेली होती. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णत्वास गेल्यावर वेगाच्या स्पर्धेतही जलमार्गाला स्थान उरले नाही.

पोहोचण्याकडून राहण्याकडे

जगाच्या पाठीवर हे स्थित्यंतर आधीच घडले होते. १९५८ पासून जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली आणि प्रवासी जहाजांचे मूळ प्रयोजनच संपले. १९६६ मध्ये मियामीहून ‘सनवर्ड’ जहाजाने कॅरिबियन सहली सुरू केल्या. १९७२ मध्ये कार्निव्हल कंपनी त्याच मार्गाने गेली. जुन्या जहाजांवरील पहिला, दुसरा आणि स्वस्त असे कडेकोट वर्ग मोडून सर्वांना एकच डेक, एकच भोजनगृह खुले झाले. १९९८ मध्ये ‘डिस्ने मॅजिक’ हे जहाज मुलांना केंद्रस्थानी ठेवून बांधण्यात आले. त्यावर जुगारगृह नव्हते; कुटुंब दररोज निराळ्या भोजनगृहात जेवे आणि त्यांचे वाढपी त्यांच्यासोबत फिरत. २००० च्या सुमारास नॉर्वेजियन कंपनीने जेवणाच्या ठरावीक पंगती बंद करून प्रवाशाला हवे तेव्हा जेवण्याची मुभा दिली. वरकरणी ही सवलत किरकोळ वाटते. परंतु दोन पंगतींसाठी आखलेले स्वयंपाकघर आता दिवसभर चालवावे लागले आणि त्याचा भार कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांवर पडला. २०२४ मध्ये सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे २,४८,००० टनांचे आहे. (जहाजाच्या बाबतीत हा टन वजनाचा नसून अंतर्गत आकारमानाचा असतो.) त्यावर सात हजारांहून अधिक प्रवासी आणि दोन हजारांहून अधिक कर्मचारी सामावतात.

मुंबईत हा प्रकार २००५ मध्ये स्टार क्रूझेसच्या ‘सुपरस्टार लिब्रा’ने रुजविण्याचा प्रयत्न केला. गोवा आणि लक्षद्वीपकडे तिच्या फेऱ्या होत. इटलीच्या कोस्टा कंपनीने २०१६-१७ च्या हंगामापासून मुंबई-कोची-मालदीव फेऱ्या केल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ हे भारतीय जहाज मुंबई-गोवा मार्गावर आले. या जहाजाचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. १९९७ मध्ये बांधलेले हे जहाज जपानमध्ये ‘ओगासावारा मारू’ या नावाने टोकियो आणि दूरच्या ओगासावारा बेटांदरम्यान चालत असे. त्या बेटांवर विमानतळ नसल्याने रहिवाशांची ती जीवनवाहिनीच होती. म्हणजे जपानमध्ये जी बोट लोकांना घरी नेत होती, ती कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करून कोकण किनाऱ्यावर आली तेव्हा सहलीची बोट झाली. दुपारी मुंबईहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोव्यात पोहोचे. विजयदुर्ग, मालवण ही बंदरे वाटेत अंधारात मागे पडत.

२०१९ मध्ये एस्सेल समूहाच्या जलेश क्रूझेसचे ‘कर्णिका’ आले. १९९० मध्ये ‘क्राउन प्रिन्सेस’ म्हणून बांधलेले हे सुमारे सत्तर हजार टनांचे जहाज होते. कोविडच्या साथीत २०२० मध्ये आंग्रियाच्या फेऱ्या थांबल्या, जलेशचा कारभार आटोपला आणि त्या वर्षाअखेरीस ‘कर्णिका’ भंगारासाठी अलंगला गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ आय.आर.सी.टी.सी.च्या सहकार्याने मुंबईहून निघू लागले. हेही मूळचे १९९० मधील ‘नॉर्डिक एम्प्रेस’. अमेरिकेत तीन-चार रात्रींच्या छोट्या सहलींसाठी ते मुद्दाम बांधले गेले होते. भारतीय नोकरदार कुटुंबाची रजाही तेवढीच असते, त्यामुळे जहाज जुने असले तरी निवड चुकीची म्हणता येत नाही.

छोट्या सहलींचे संचालन मात्र अधिक कष्टाचे असते. सात रात्रींच्या सहलीत आठवड्यातून एकदा प्रवासी बदलतात. दोन-तीन रात्रींच्या सहलीत तेच काम आठवड्यातून दोन-तीनदा करावे लागते. सकाळी एक लोंढा उतरतो, दुपारी दुसरा चढतो; मधल्या काही तासांत शेकडो केबिनी आवरणे, चादरी बदलणे, भाजीपाला चढविणे, कचरा उतरविणे हे सारे पार पाडावे लागते. त्यातच भारतीय कुटुंबाच्या गरजा वेगळ्या. एका केबिनमध्ये तीन पिढ्यांना एकत्र किंवा शेजारी राहावयाचे असते; शाकाहारी आणि जैन भोजनाची वेगळी व्यवस्था अपेक्षित असते. स्टार क्रूझेसपासून कॉर्डेलियापर्यंत प्रत्येक कंपनीला येथील स्वयंपाकघर नव्याने मांडावे लागले. डेकवरची शिदोरी गेली, पण शिदोरीमागचा शुचितेचा आग्रह जहाजाच्या मुदपाकखान्यात शिरला.

सारंगापासून वाढप्यापर्यंत

प्रवाशाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, बदल कर्मचाऱ्यात झाला. ब्रिटिश काळातील पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर कामाची वाटणी प्रांत आणि धर्म पाहून केली जाई. डेकवर गुजरात आणि रत्नागिरीचे खलाशी, इंजिनाच्या भट्ट्यांवर पंजाबी आणि पठाण मुसलमान, भोजनगृहात गोव्याचे ख्रिस्ती. सारंगाच्या मर्जीवर भरती ठरे आणि वेतन युरोपीय खलाशाच्या एका अंशाइतके असे. मुंबईत धोबीतलावच्या परिसरातील गोवेकरांच्या ‘कूड’ नावाच्या गाववार खोल्यांत हे तारवटी पुढील बोटीची वाट पाहत राहत.

आजच्या क्रूझ जहाजावर डेक आणि इंजिन विभाग अल्पसंख्य झाले असून हॉटेल विभाग सर्वांत मोठा आहे. नाविकापेक्षा स्वयंपाकी, वाढपी, केबिन आवरणारे आणि मुलांना रमविणारे अधिक असतात. २००६ च्या सागरी श्रम कराराने चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांतीचा हक्क दिला. भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. परंतु विश्रांतीचा हा हिशेबच उलट बाजूने वाचला तर कामाच्या तासांची मर्यादा किती सैल आहे ते कळते.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज विलगीकरणात ठेवले गेले तेव्हा हे वास्तव जगासमोर आले. जहाजावरील ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना कोविडची लागण झाली. त्यावरील १३८ भारतीयांपैकी १३२ जण कर्मचारी होते. प्रवासी केबिनमध्ये बंद असताना त्यांच्या दारापर्यंत जेवण नेण्याचे काम कर्मचाऱ्यांचेच होते.

सक्तीची कवायत आणि सक्तीची विश्रांती

सुरक्षेचे नियम आपत्तींमागून आले. ‘टायटॅनिक’ १९१२ मध्ये बुडाले, १९१४ मध्ये सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडून ३२ जण दगावले. त्या जहाजावर नुकत्याच चढलेल्या प्रवाशांची सुरक्षा कवायत तोवर झालेली नव्हती. २०१५ पासून अशी कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेणे बंधनकारक झाले. कोविडनंतर काही कंपन्यांनी ती गर्दी टाळून मोबाइलवर आणली. साथीने भोजनगृहातही फरक केला. स्वतः वाढून घेण्याची पद्धत काही काळ थांबली आणि चमचा पुन्हा वाढप्याच्या हाती गेला. तरीही जानेवारी २०२२ च्या प्रारंभी गोव्यात थांबलेल्या ‘एम्प्रेस’वर ६६ जण बाधित आढळले आणि जहाज मुंबईस परतले.

एक गोष्ट मात्र शतकभरात बदललेली नाही. कोकणची आगबोट पावसाळ्यापूर्वी बंद होई आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू होई. जून २०२२ मध्ये पाऊस जवळ येताच ‘एम्प्रेस’ने आपला मुक्काम मुंबईहून चेन्नईस हलविला. अकरा मजल्यांच्या जहाजालाही नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याशी तेच वेळापत्रक जुळवावे लागते. फरक इतकाच की जुनी बोट किनाऱ्यावर पडून राही आणि तिच्यावर अवलंबून असलेला प्रवासी घाटवाटांनी गाव गाठी, तर नवे जहाज दुसरा किनारा शोधते.

सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअर येथील मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याच्या हिशेबाने त्याची रचना केलेली आहे. येथून अवघ्या काही किलोमीटरवर भाऊचा धक्का आहे. मार्च २०२० पासून तेथून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत माणसे आपल्या मोटारींसह चढतात आणि सुमारे तासाभरात पलीकडे उतरून अलिबागच्या रस्त्याला लागतात.