'सैतान माशा'ची खाडी

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, वाळूच्या दांड्यांआड काही उथळ खाड्या आहेत. आर्क्टिककडील थंड समुद्रातून हजारो किलोमीटर पोहत आलेल्या करड्या देवमाशांच्या माद्या हिवाळ्यात येथे पिल्लांना जन्म देतात. नावात मासा असला, तरी हा प्राणी सस्तन.

१८५७ च्या हिवाळ्यात अमेरिकी कप्तान चार्ल्स स्कॅमन यांपैकी ओहो दे लिएब्रे खाडीत शिरला. पिल्लासाठी उलटलेल्या माद्यांनी त्याच्या होड्या फोडल्या, खलाशी जायबंदी केले. मग त्याने उथळ पाण्यात होड्या नांगरून, जवळून जाणाऱ्या देवमाशांवर स्फोटक भाले डागण्याची युक्ती काढली. चरबीच्या तेलासाठी मागोमाग इतर जहाजेही आली. शिकाऱ्यांनी या प्राण्याला 'सैतान मासा' म्हटले. पिल्लाला वाचवू पाहणाऱ्या आईला दिलेले हे नाव! काही वर्षांतच खाड्या ओस पडल्या. ही जात नामशेष तर होणार नाही ना, अशी शंका १८७४ च्या ग्रंथात नोंदवली ती स्वतः स्कॅमनने.

विसाव्या शतकात कारखानी जहाजांनी दुसरा घाव घातला. १९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर या देवमाशाला व्यापारी शिकारीपासून संरक्षण मिळाले. मेक्सिकोने १९७२ मध्ये ओहो दे लिएब्रे आणि १९७९ मध्ये सान इग्नासिओ ही खाडी त्यांचे आश्रयस्थान म्हणून घोषित केली.

सान इग्नासिओचे कोळी देवमाशांना भीत, होडी दूर ठेवीत. १९७२ मध्ये पाचिको मायोराल या कोळ्याच्या होडीला एक देवमासा येऊन खेटला. बराच वेळ तो हलेना, तेव्हा पाचिकोने भीतभीत हात पुढे करून त्याला स्पर्श केला. ही वार्ता पसरली आणि पर्यटक येऊ लागले.

पुढे येथे मिठाचा प्रचंड कारखाना उभारण्याची योजना आली. मेक्सिको सरकार आणि जपानची मित्सुबिशी कंपनी तीत भागीदार होती. जगभरातून विरोध झाल्यावर मार्च २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांनी ती रद्द केली. तोवर देवमाशांवर पोट भरणारी कुटुंबे खाडीकाठी होती, हेही विसरता येत नाही.

पण पर्यटकांच्या होड्यांनीही पिल्लू आईपासून तुटू शकते. म्हणून मुखाजवळच्या ठरावीक पाण्यात एका वेळी १६ होड्यांनाच परवानगी, तीही सुमारे ९० मिनिटे. आतील पाणी माय-लेकरांसाठी राखीव. हंगामात कोळी खाडीत जाळी टाकत नाहीत, सुकाणू धरतात. पाठलाग करायचा नाही, इंजिन मंद ठेवून थांबायचे. जवळ यायचे की नाही, ते देवमासा ठरवतो.