घोरण्याचा इतिहास, गिरणगावातून

पोस्ट जरा लांब आहे, पण विषय घराघरातला आहे.

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी बप्पी लाहिरी जुहूच्या रुग्णालयात गेले. त्या बातमीत ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया’ हे शब्द आले आणि आमच्या नाक्यावर पहिल्यांदाच त्यावर बोलणं झालं. झोपेत घसा मिटतो, श्वास दहा सेकंद, कधी मिनिटभर अडतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो, मोठ्ठा घुरका येतो, आणि पुन्हा तेच. त्रास जास्त असला तर रात्रीतून शेकडो वेळा. त्या माणसाला सकाळी काही आठवत नाही. ऐकू येतं ते शेजारच्याला.

आणि आपल्याकडे शेजारी कमी कुठे होते? गिरणगावातल्या गाळ्यांत कामगार पाळीपाळीने झोपायचे. एक कामावर गेला की रातपाळीचा त्याच जागेवर अंग टाकायचा. घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणायचं, कोपराने ढोसून कुशीवर वळवायचं. (हा उपाय मात्र खरा. सौम्य त्रासात डॉक्टर आजही तो सांगतात.) तोच माणूस दिवसा साच्यावर पेंगला की आळशी ठरायचा.

तेव्हा निदान झालं असतं तरी हाती काय होतं? १९७०च्या दशकात खात्रीचा इलाज एकच, गळ्याला भोक पाडायचं. दिवसा बूच लावायचं, रात्री उघडायचं. हे चित्र बदललं सिडनीत. कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरने व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून नाकातून हवेचा हलका दाब दिला आणि घसा उघडा राहिला. १९८१मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवरचा अहवाल आला. आजचं सीपॅप मशीन ते हेच.

आपल्या शहरातला मोठा अभ्यास यायला २००४ उजाडलं. दादरहून दोन स्टेशनं पलीकडे, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना प्रश्न विचारले, त्यातल्या २५० जणांची झोप घरी मोजली. झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण १९.५ टक्के निघालं. दिवसा पेंग येण्यासह पुरा आजार ७.५ टक्के. यात बायका नव्हत्या. त्यांच्या घोरण्याबद्दल आपण बोलतच नाही, पण पाळी गेल्यावर त्यांच्यातही हा त्रास वाढतो.

मशीन नको म्हणणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. किंमत हजारोंत, मास्क चेहऱ्याला काचतो, आणि दहा बाय बाराच्या खोलीत सुनेसमोर नळी लावून झोपायची लाज. ही शेवटची अडचण कुठल्या माहितीपत्रकात नसते, पण माझ्या मते मशीन माळ्यावर जातं ते हिच्यामुळेच. सौम्य-मध्यम त्रासाला दातांचे डॉक्टर खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी बनवून देतात. टॉन्सिल फार मोठे असतील तर ऑपरेशनचा उपयोग होतो. वजन उतरलं की बहुतेकांना फरक पडतो. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेने टिर्झेपॅटाइड हे इंजेक्शन लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियासाठी मंजूर केलं. झोपताना दारू मात्र सगळ्यांनीच टाळायची, घसा आणखी सैल पडतो.

घरात कुणाचा श्वास असा अडताना ऐकलात तर मोबाईलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या ओपीडीत ऐकवा. सोबत जा. तिथे अर्धे प्रश्न शेजारी झोपणाऱ्यालाच विचारतात.