खेळण्यातून आलेली लेन्स

"मामू, तुम्ही अम्मीला सांगा ना," म्हणत बासी ईदच्या दिवशी भाची माझ्याशेजारी येऊन बसली. आठवीत आहे. तिला चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स हवी होती. वर्गात मुलं तिला 'ढापणी' म्हणतात. आपाचं म्हणणं, हे फॅशनचं खूळ आहे, डोळे जातील. पण दोनच मिनिटांनी तीच हळू आवाजात म्हणाली, "उद्या स्थळं येतील तेव्हा मात्र चष्मा नसलेला बरा." तेरा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांची आणि तिच्या निकाहाची चिंता आपल्या घरांत अशी एका दमात बोलली जाते.

मी निकाल दिला नाही. घरी येऊन वाचत बसलो.

डोळ्यांचा विषय निघाला की आपण अभिमानाने इब्न अल-हैसमचं नाव घेतो. घ्यायलाच हवं. बसऱ्यात जन्मलेल्या या विद्वानाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोत 'किताब अल-मनाझिर' हा सात भागांचा ग्रंथ लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसतं, ही जुनी समजूत त्याने खोडून काढली. पण कॉन्टॅक्ट लेन्स त्याने शोधली नाही, आणि अभिमानाच्या भरात तीही त्याच्या नावावर टाकू नये.

ती आली 1888 मध्ये. झुरिकमधल्या अडॉल्फ फिक या जर्मन डॉक्टराने काचेची वाटी आधी सशांच्या, मग स्वतःच्या डोळ्यांवर बसवून पाहिली. हेतू सौंदर्याचा नव्हता. ज्यांच्या बुब्बुळाचा आकारच बिघडलेला, त्यांना चष्म्याने नीट दिसत नसे. त्यांच्यासाठी ही धडपड होती. जड काच दोन-तीन तासांपेक्षा जास्त सोसत नसे. 1948 मध्ये अमेरिकेत केविन तुओही यांनी फक्त बुब्बुळ झाकणारी छोटी प्लास्टिकची लेन्स केली, पण तीही कडकच.

मऊ लेन्स मात्र एका घरातल्या टेबलावर जन्मली. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तरले यांना 1958 मध्ये राजकीय कारणांनी अध्यापनातून काढलं होतं. पाणी शोषणारं मऊ प्लास्टिक त्यांच्याकडे होतं, पण सरकारने लेन्सच्या संशोधनाला पाठबळ देणं थांबवलं. 1961 च्या नाताळात त्यांनी मुलांचा 'मेर्कुर' हा जोडणीचा खेळ आणि सायकलचा डायनामो जोडून यंत्र बनवलं. फिरत्या साच्यात द्रव ओतून पहिल्या चार लेन्स तयार झाल्या. मुलांच्या डोळ्यांवर आज जी लेन्स बसते, तिची सुरुवात मुलांच्याच खेळण्यातून झाली! 1971 मध्ये अमेरिकेने मऊ लेन्सच्या विक्रीला परवानगी दिली.

आज जन्मजात मोतीबिंदू काढलेल्या तान्ह्या बाळांनाही डॉक्टर लेन्स लावतात. 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 8 ते 12 वयात सुरू करता येईल अशी, लघुदृष्टीचा वाढता नंबर मंदावणारी लेन्स मान्य केली. म्हणजे वय हा अडथळा नाही. शिस्त हा आहे.

आपल्या घरांत ही शिस्त पाण्याशी येऊन थांबते. वुजूत डोळ्याच्या आतला भाग धुवावा लागत नाही, असं बहुतेक फुकहा सांगतात. त्यामुळे लेन्सने वुजू अडत नाही. पण नळाच्या किंवा हौदाच्या पाण्यात अकांथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकला तर बुब्बुळाला गंभीर इजा होते. म्हणून तोंड धुताना डोळे घट्ट मिटायचे. लेन्स पाण्याने कधीच धुवायची नाही, त्यासाठीचंच द्रावण वापरायचं. हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच तिला लावायचे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लेन्स घालून झोपायचं नाही. बाजारातल्या रंगीत लेन्स मैत्रिणींत अदलाबदल करायच्या नाहीत.

भाचीला हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, "डॉक्टरांकडे मी नेतो. हे रोज पाळशील?" ती लगेच "हो" म्हणाली नाही, विचारात पडली. मला तेच आवडलं.

आपाला मात्र एवढंच म्हणालो, "लेन्स घ्यायची तर तिला फळा नीट दिसावा, खेळता यावं म्हणून घेऊ. स्थळांसाठी नको."

आपा काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनेच फोन करून डॉक्टरांची वेळ विचारली.