तांब्याचा पत्रा आणि सूर्यप्रकाश

इ. स. १८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापून निघाली. त्याच वर्षी दूर बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी ह्याचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले जात होते. दोन्ही ठिकाणी मराठी माणसाला परिचित अशीच अक्षरे कागदावर उमटली. परंतु ती उमटविण्याची रीत अगदी निराळी होती. श्रीरामपूरचा शिशाचा खिळा एका पानातून सोडवून दुसऱ्या पानात बसविता येत असे. मिरजेची गीता मात्र तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली होती. जो पत्रा ज्या पानासाठी कोरला, तो त्या पानाचाच; दुसऱ्या कोणत्याही कामाला तो निरुपयोगी.

ह्या पत्र्यांचा आरंभ पुण्यात झाला. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रजांचा वकील चार्लस मॅलेट ह्याच्या सहवासातून ताम्रपटावर कोरून छापण्याची कल्पना नाना फडणिसांपर्यंत पोचली, आणि त्यांनी एका तांबट कारागिराला गीतेच्या कामास लावले, असे मुद्रणाचे इतिहासकार सांगतात. पुढे काळ फिरला. १७९५ साली सवाई माधवराव गेले, १७९७ च्या अखेरीस नाना कैदेत पडले आणि १३ मार्च १८०० रोजी त्यांचा अंत झाला. धनी गेला तेव्हा कारागिराने आपली विद्या घेऊन मिरजेची वाट धरली. तेथील अधिपती गंगाधरराव गोविंद पटवर्धन ह्यांनी त्याला आश्रय दिला आणि अर्धवट राहिलेले काम पुरे झाले. गंगाधररावांचे पुतणे चिंतामणराव घरच्या वाटणीच्या तंट्यातून बाहेर पडून १८०१ साली जवळच सांगलीस आपली गादी थाटून बसले होते. म्हणजे एका घराचे दोन भाग होण्याच्या त्या धामधुमीतच हे शांतपणाचे काम चालले होते.

काम किती बिकट होते ह्याची कल्पना सहज येणार नाही. गीतेचे सातशे श्लोक. आणि कागदावर अक्षर सुलट यावयाचे तर पत्र्यावर ते उलटे कोरावे लागते. काना डावीकडे, वेलांटी भलत्याच बाजूला, जोडाक्षरांची तर पुरती उलथापालथ. छिन्नी एकदा घसरली की तांबे पुन्हा भरून येत नाही. असे कौशल्य एका माणसाच्या मनगटात राहते. तो माणूस पुण्याहून मिरजेस गेला की विद्याही पुण्याहून मिरजेस जाते. पुढे ही रीत महाराष्ट्रात रुजली नाही. शिळाछाप आणि शिशाचे खिळे स्वस्त पडू लागले आणि तांब्याचा पत्रा बाजूला पडला.

तो परत आला, परंतु ह्या वेळी छिन्नीचे काम उजेडाने पत्करले होते.

ताम्रपट कोरणे म्हणजे वस्तुतः दोनच गोष्टी: धातू कोठे राखावयाचा आणि कोठे काढावयाचा, हे ठरविणे. हा निवाडा प्रकाशावर सोपविता येईल असे प्रथम दाखविले ते फ्रान्समधील निसेफोर न्येप्स ह्याने. १८२० नंतरच्या दशकात त्याने धातूच्या पत्र्यावर एका प्रकारच्या डांबराचा पातळ थर दिला. जेथे ऊन लागले तेथे डांबर कठीण झाले. जेथे लागले नाही तेथे ते लव्हेंडरच्या तेलाने धुऊन निघाले. १८३९ साली स्कॉटलंडमध्ये मंगो पाँटन ह्याला आढळले की पोटॅशियम बायक्रोमेटात भिजविलेला कागद उन्हात काळपटतो. ह्या द्रव्याचा खरा उपयोग हेन्री फॉक्स टॅल्बट ह्याने केला. १८५२ साली त्याने बायक्रोमेट मिसळलेल्या सरसाचा थर पत्र्यावर देण्याचे पेटंट घेतले. उजेड लागलेला सरस पाण्याला आणि तेजाबी द्रवाला सहज दाद देत नाही. १८५८ च्या दुसऱ्या पेटंटात तांबे खाण्यासाठी त्याने जे द्रव्य सांगितले ते फेरिक क्लोराइड. हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण आज सांगलीच्या एखाद्या घरात हौशी माणूस सर्किट बोर्ड करावयास बसतो तेव्हा त्याच्या समोरच्या बशीत तपकिरी रंगाचे तेच द्रव्य असते.

ह्या विद्येचा महाराष्ट्रातील प्रवास एका विख्यात नावाशी जोडलेला आहे. धुंडिराज गोविंद फाळके हे चित्रपटाचे जनक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. परंतु ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्यापूर्वी त्यांचा व्यवसाय ठसे करण्याचा होता. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रणाबरोबर ही कलाही हस्तगत केली, लोणावळ्यास आपला छापखाना काढला आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यास जर्मनी गाठली. त्यांच्या हातून उभ्या राहिलेल्या लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्समधून ते पुढे भागीदाराशी न पटल्याने बाहेर पडले. परंतु छापखाना चालू राहिला. साताऱ्यास राहून ‘इतिहाससंग्रह’ चालविणारे रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांची महाबळेश्वरावरील आणि सांगली संस्थानावरील इंग्रजी पुस्तके १९१६ आणि १९१७ साली तेथेच छापली गेली. पारसनिसांना जुन्या चित्रांचा आणि कागदपत्रांचा विलक्षण नाद होता. अशी चित्रे पुस्तकात घालावयाची तर ती कोरीत बसणारा तांबट कोठून आणावयाचा? तोपर्यंत त्याची गरजच उरली नव्हती. पुढे १९२० साली किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्याच्या गावातून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले आणि सचित्र मासिक ही मराठी घरातली नित्याची वस्तू झाली, त्याच्या बुडाशीही ठशांचीच सोय होती.

जाळीचा ठसा होत असे तो असा. काचेवर सूक्ष्म रेषा आखलेल्या जाळीतून चित्राचे छायाचित्र घ्यावयाचे, म्हणजे काळ्यापांढऱ्या छटांचे लहानमोठे ठिपके होतात. घासून स्वच्छ केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर माशाचा सरस आणि बायक्रोमेट ह्यांचे मिश्रण ओतून पत्रा गरगर फिरवावयाचा, म्हणजे थर सारखा बसतो. तो वाळला की वर काच ठेवून प्रखर दिव्याखाली धरावयाचा, पाण्यात धुवावयाचा, आचेवर भाजून थर मिन्यासारखा कडक करावयाचा आणि शेवटी फेरिक क्लोराइडात सोडावयाचा. ह्या धंद्याची किंमत कामगाराच्या हातांनी चुकती केली. बायक्रोमेट त्वचेला जाळते. बोटांना आणि नाकाच्या आतल्या पडद्याला त्याने पडणारी क्षते लवकर भरत नाहीत. मासिकातले सुंदर चित्र पाहणाऱ्याला ते हात दिसत नसत.

आता रेडिओकडे वळावे. श्रोत्यांपैकी ज्यांनी जुना व्हॉल्व्हचा रेडिओ मागून उघडून पाहिला असेल, त्यांना त्यातील तारांचे जंजाळ आठवत असेल. प्रत्येक तार हाताने कापावयाची, सोलावयाची आणि डाख देऊन जोडावयाची. हे जंजाळ नाहीसे केले ते व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आयस्लर ह्या यहुदी तरुणाने. १९३६ साली तेथे आला तेव्हा त्याच्याजवळ ना प्रयोगशाळा होती ना धनको. हॅम्पस्टेडमधील भाड्याच्या खोलीत त्याने तारांऐवजी पत्र्यावरच्या तांब्याच्या रेघांनी जोडलेला रेडिओ केला. एका कारखान्याला तो दाखविला तेव्हा, तारा जोडण्याचे काम मुली स्वस्तात करतात, असे उत्तर मिळाल्याचे त्यानेच पुढे सांगितले आहे. युद्ध सुरू झाल्यावर परकी म्हणून काही काळ तो स्थानबद्धही होता. अखेर त्याला आसरा मिळाला तो संगीताच्या स्वरलिपी छापणाऱ्या एका छापखान्यात, आणि १९४३ साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला. मिरजेच्या तांबटाला जहागीरदार भेटला, आयस्लरला छापखानदार. छपाईच्या माणसाला ती कल्पना चटकन पटली ह्यात नवल नाही. त्याच्या दृष्टीने तो एक ठसाच होता, फक्त त्यावरून कागद काढावयाचा नव्हता.

हे तंत्र कारखान्यातून पुन्हा घरात आले ते आधीच थर दिलेल्या पट्ट्यांमुळे. काचतंतूच्या पट्टीवर तांब्याचा पत्रा चिकटविलेला असतो. त्याची जाडी बहुधा ३५ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या सुमारे निम्मी. त्यावर प्रकाशग्राही थर असतो आणि वर काळे आवरण. हा थर जुन्या सरसाच्या नेमका उलट वागतो: जेथे उजेड लागतो तेथे तो कठीण न होता अल्कात विरघळू लागतो. बायक्रोमेट त्यात नाही, हा मोठाच लाभ. पारदर्शक कागदावर छापलेली आकृती पट्टीवर दाबून बसवावयाची आणि जंबुपार किरणांचा दिवा काही मिनिटे दाखवावयाचा. साताऱ्याच्या कडक उन्हातही हे साधते. परंतु ऊन घटकेघटकेला बदलते, आणि आषाढात यवतेश्वराच्या डोंगरावर ढग उतरले की सूर्याच्या भरवशावर काही करण्यात अर्थ नसतो. म्हणून जाणता माणूस आधी एका तुकड्यावर पुठ्ठा अर्ध्याअर्ध्या मिनिटाने सरकवीत जातो आणि कोणता पट्टा नीट उमटला ते पाहून वेळ ठरवितो.

खरी कसोटी पुढेच आहे. फोटो धुण्यासारखीच ही पट्टीही धुवावी लागते, मात्र कॉस्टिक सोड्याच्या अगदी सौम्य द्रावणात: लिटरभर पाण्यात सात ते दहा ग्रॅम, ह्यापेक्षा अधिक नाही. सोडा पाण्यात टाकावयाचा, पाणी सोड्यावर ओतावयाचे नाही. आणि भांडे ॲल्युमिनियमचे नको, कारण सोडा त्याला खातो. द्रावण तीव्र झाले तर राखावयाचा थरही पाहता पाहता वाहून जातो. सौम्य झाले तर त्याहून फसवा प्रकार घडतो: पट्टी स्वच्छ दिसते, पण तांब्यावर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा राहतो आणि फेरिक क्लोराइड तेथे तोंड लावीत नाही. ह्यावर अनुभवी लोक एक साधी परीक्षा करतात. पट्टी त्या द्रवात काही क्षण बुडवून काढली की उघडे तांबे लगेच निस्तेज गुलाबी दिसते. जेथे चकाकी तशीच राहते तेथे पापुद्रा आहे असे समजून पट्टी पुन्हा सोड्यात सोडावयाची. मिरजेच्या तांबटाला छिन्नीची चूक सुधारता येत नव्हती. येथे निदान एवढी सवलत आहे.

मग तांबे खाण्याचे काम. फेरिक क्लोराइड कोमट असेल तर ते लवकर होते. बशी हलवीत राहावे, आणि रेघा उठून दिसताच पट्टी बाहेर काढावी, कारण द्रव खाली खातो तसा बाजूनेही खातो. कपड्यावर पडला तर डाग जन्मभराचा, आणि स्वयंपाकघरातील पोलादी मोरीलाही तो सोडीत नाही. वापरलेल्या द्रवात तांबे उतरलेले असते. ते गटारात ओतले तर साताऱ्याचे माहुलीच्या संगमाशी आणि सांगलीचे घाटाशी, शेवटी कृष्णेलाच जाऊन मिळते. म्हणून धुण्याचा सोडा घालून तांबे व लोखंड यांचा साका बसवितात, साका वेगळा काढून ठेवतात आणि घातक कचरा घेणाऱ्याच्या स्वाधीन करतात.

उरले शेवटचे काम, आणि ते मात्र मराठी घराला मुळीच नवे नाही. उघडे तांबे हवेने काळवंडते, म्हणून त्यावर कथलाचा पातळ लेप देतात. ही कल्हईच होय. कल्हईवाला नवसागर वापरतो, येथे राळ वापरतात, इतकाच भेद. नवसागराचा अंश मागे राहिला तर तो बारीक रेघा कुरतडून टाकतो, राळ तसे करीत नाही.

आज नकाशा पाठवून दूरच्या कारखान्यातून तयार पट्ट्या अल्प खर्चात मागविता येतात, आणि घरी पट्टी धुण्याचा खटाटोप करणारे पूर्वीपेक्षा थोडे राहिले आहेत. जे करतात ते आकृतीच्या कोपऱ्यात एखादे लहानसे अक्षर मुद्दाम घालून ठेवतात. आकृतीची शाई तांब्याला भिडावी म्हणून ती पारदर्शक कागदावर उलटी छापावी लागते, आणि घाईत कागद पालथा पडण्याची चूक भल्याभल्यांच्या हातून होते. तेव्हा दिवा लावण्यापूर्वी ते अक्षर पाहावयाचे. ते सुलट वाचता आले तरच पुढे जावयाचे.