मुंबईचा केर : 'दूर नेणे' या कल्पनेचा इतिहास

विकसनशील देशांतील शहरांत केरकचरा वाढतो तो लोकसंख्या वाढते म्हणून, असे सामान्यतः मानले जाते. हे मत खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे. जागतिक बँकेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१६ साली जगात सुमारे २०१ कोटी टन नागरी घनकचरा निर्माण झाला. त्यापैकी ३४ टक्के कचरा उच्च उत्पन्नाच्या देशांतील होता, आणि त्या देशांची लोकसंख्या जगाच्या केवळ १६ टक्के होती. उलटपक्षी, अल्प उत्पन्नाच्या देशांत कचरा कमी निर्माण होत असला, तरी त्यातील ९० टक्क्यांहून अधिक उघड्यावर टाकला किंवा जाळला जात होता. म्हणजे केर किती निर्माण होतो व त्याचे पुढे काय होते, हे दोन प्रश्न भिन्न आहेत. त्यांतील दुसऱ्याच प्रश्नाचे, तेही अर्धवट, उत्तर देत राहिल्यास काय घडते, याचे मुंबई हे बोलके उदाहरण होय.

प्रथम शब्दांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. मराठी ग्रामजीवनात केराला एक निश्चित ठिकाण होते. ते म्हणजे उकिरडा. या शब्दाचे नाते संस्कृत 'उत्कर' म्हणजे ढीग या शब्दाशी जोडले जाते. घरातील केर, चुलीतील राख, गोठ्यातील शेण व उष्टेखरकटे उकिरड्यावर पडे, कुजे आणि खत होऊन शेतात जाई. उकिरडा हा केराचा शेवट नव्हता, तर मधला मुक्काम होता. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, या म्हणीमागे हाच अनुभव असावा. 'डम्पिंग ग्राउंड' या आज मराठीत रुळलेल्या शब्दात मात्र परतीचा अर्थ मुळीच नाही. वस्तू जेथे टाकून द्यावयाची ती जागा, एवढाच त्याचा बोध होतो. शब्दातील या बदलामागे व्यवस्थेतील बदल उभा आहे.

त्या बदलाची कायदेशीर पायाभरणी एकोणिसाव्या शतकात झाली. १८६५ च्या कायद्याने मुंबईस पालिका आयुक्त व आरोग्य अधिकारी ही पदे लाभली, आणि आर्थर क्रॉफर्ड हे पहिले आयुक्त झाले. दुर्गंधीयुक्त हवेतून रोग पसरतो, ही समजूत त्या काळी प्रबळ असल्यामुळे घाण वस्तीपासून त्वरेने दूर नेणे हेच आरोग्यरक्षणाचे मुख्य साधन मानले गेले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ६१ मध्ये केर व मैला हलविणे आणि त्याची विल्हेवाट लावणे हे पालिकेचे अनिवार्य कर्तव्य ठरले. पालिकेच्या नोकरांनी गोळा केलेला केर ही पालिकेची मालमत्ता होय, असेही या कायद्याने सांगितले. नागरिकाची जबाबदारी केर नेमलेल्या जागी टाकण्यापाशी संपली. तो किती व कोणत्या प्रकारचा केर निर्माण करतो, याची विचारणा करण्याचे कायद्याला कारण उरले नाही.

आरंभी 'दूर' हे अंतर फार नव्हते. महालक्ष्मी परिसरातील सखल खाजणे शहराच्या केराने भरून काढण्यात आली. राख, धूळ व पालापाचोळा यांचे प्रमाण मोठे असलेला तो केर भरावास उपयोगी पडत असे. पुढे ही जागा अपुरी पडू लागली आणि १८९६ च्या प्लेगने नागरी घाणीविषयीची भीती तीव्र केली. १९०६ साली कुर्ला–चेंबूर लोहमार्ग टाकण्यात आला, तो शहराचा केर चेंबूरकडील दलदलीत नेण्यासाठी. प्रवाशांची वाहतूक या मार्गावर सुरू झाली ती १९२४ साली. म्हणजे चेंबूरला मुंबईचा केर आधी पोहोचला आणि मुंबईकर मागाहून. १९२७ पासून देवनार येथील क्षेपणभूमी वापरात आली.

देवनार त्या वेळी शहराबाहेर होते. परंतु पालिकेची हद्द १९५० साली उपनगरांत जोगेश्वरी-भांडुपपर्यंत व १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, आणि जे 'बाहेर' होते ते 'आत' आले. १९०१ साली सुमारे पावणेआठ लाख असलेली शहराची लोकसंख्या १९५१ साली बृहन्मुंबईत तीस लाखांच्या घरात गेली, तर २०११ साली ती सुमारे १ कोटी २४ लाख झाली. शहरातील अन्यत्रच्या झोपड्या हटविल्या गेल्या तेव्हा अनेक कुटुंबांना देवनार-गोवंडीच्या परिसरातच आसरा मिळाला. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा परिसर ज्यात येतो तो एम-पूर्व विभाग सर्व विभागांत तळाशी होता. केर जेथे नेला गेला तेथेच, दूर सारलेली माणसेही नेली गेली.

केर दूर नेणाऱ्या माणसांचा इतिहासही याहून वेगळा नाही. मैला वाहणाऱ्यास 'हलालखोर' म्हणत. शब्दशः याचा अर्थ विहित कमाई खाणारा. शब्द गौरवाचा, पण वाट्यास आली अस्पृश्यता. १८८८ च्या कायद्यात या कामासाठी 'हलालखोर कर' होता. पुढे कायद्याच्या भाषेतून ते नाव गेले, काम मात्र बहुतांशी दलित जातींकडेच राहिले. त्यांच्यावर शहर किती अवलंबून होते, हे प्लेगच्या वेळी उघड झाले. ऑक्टोबर १८९६ मध्ये आयुक्त स्नो यांनी रुग्णांना सक्तीने हलविण्याविषयी काढलेले आदेश त्याच महिन्यात सौम्य करावे लागले. कारण सफाई कामगार शहर सोडून गेले तर सारेच कोलमडेल, अशी धास्ती होती. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पालिका कामगारांची संघटना बांधली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळून येते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केराचे रूपही पालटले. वाण्याकडून कागदाच्या पुड्यात येणारा जिन्नस प्लॅस्टिकच्या पिशवीत येऊ लागला. भरून घ्यावयाच्या बाटलीची जागा फेकून द्यावयाच्या बाटलीने घेतली. वाढते उत्पन्न, वेष्टनावर उभा असलेला व्यापार आणि अखंड बांधकाम ही केरवाढीची नवी कारणे होत. यांतील बांधकामाचा राडारोडा व प्लॅस्टिक कुजत नाहीत. आणि कुजणारा ओला कचरा त्यांच्याखाली दडपला गेला, की हवेवाचून सडून मिथेन वायू सोडतो. रद्दीवाले, भंगारवाले व कचरावेचक यांनी कागद, काच व पत्रा परत वापरात आणला, म्हणून हा भार काहीसा हलका झाला. परंतु कायद्याने त्यांची दखल दीर्घकाळ घेतली नाही. त्यांच्या संघटित शक्तीची ओळख पटली ती पुण्यात. तेथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, आणि २००८ पासून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेकडे घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम आले.

अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेनंतर २००० साली घनकचऱ्याविषयी देशव्यापी नियम झाले. प्रक्रिया व विल्हेवाटीची सोय २००३ अखेर करण्याची मुदत त्यांत होती. ती उलटून गेल्यावरही देवनारचे ढीग वाढतच राहिले. जानेवारी २०१६ मध्ये त्यांना लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. त्याच वर्षीच्या नव्या नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा वेगळा करण्याचे बंधन थेट कचरा निर्माण करणाऱ्यावर घातले. १८८८ साली उंबरठ्यापाशी संपलेली नागरिकाची जबाबदारी अशा रीतीने सव्वाशे वर्षांनी घरात परतली, निदान कागदावर तरी.

तथापि जुनी कल्पना सहजी मरत नाही. २०२४ साली राज्य शासनाने देवनारची सुमारे १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी देण्याचे ठरविले, आणि २०२५ साली पालिकेने तेथील सुमारे १ कोटी ८५ लाख टन जुना कचरा हटविण्यासाठी निविदा मागविली. हा कचरा कोठे जाणार आणि त्या भूमीवर कोण राहावयास जाणार, हे दोन्ही प्रश्न १९०६ सालच्या लोहमार्गाइतकेच जुने आहेत. केर दूर नेता येतो, पण 'दूर' ही जागा कोणाच्या तरी दारातच असते. विकसनशील देशांतील इतर शहरे आज मुंबईने चोखाळलेल्याच वाटेवर आहेत. केर कोठे न्यावा, याआधी तो का व कोणाकडून निर्माण होतो, हे विचारण्यास मुंबईला शतकाहून अधिक काळ लागला. त्या विलंबाचे मोल मात्र दारात केर आलेल्यांनीच चुकविले.